पाय न धुता ये

तिसगाव,
१९ मार्च २०२६, संत योसेफाचा सण

ती. सायमनदादास,

धाकट्या एलियाचा येशूच्या नावाने नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. तिकडे उसाच्या फडावर तुम्हीही असाल असं धरून चालतो.

हे पत्र तुमच्या टोळीच्या बिभीषण मुकादमाच्या हाती देतोय. फोन केला असता, पण मागच्या महिन्यात तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. दादा, माईकवर बोलणारा माणूस जेवून आलाय की उपाशी आहे, हे मला आवाजावरून कळतं. तुझा आवाज मी ओळखणार नाही? कागदाचं त्या मानाने बरं असतं. फाडायचा असला तरी माणूस आधी वाचतो.

आज पाडवा आणि संत योसेफ एकाच दिवशी आलेत. माझे स्पीकर सकाळपासून पाथर्डीत मिरवणुकीत आहेत. उपवासकाळात मी गोड सोडलंय, आणि शेजारच्या गोरक्षने नेमकं आज श्रीखंड पाठवलं. माझी जास्मिन म्हणते, सणाला चालतं. धंदा देवाच्या दयेने जोरात आहे. लग्न असो, सप्ताह असो की उरूस, तालुक्यात "एलिया साऊंड"शिवाय पान हलत नाही.

आमच्या पोराला, नोहाला, आता फादर नोहा म्हणायचं. मागे एकदा बाजारात मी "नोह्या" अशी हाक मारली, तर जास्मिनने चारचौघांत डोळे वटारले. बाजारातून जाताना मी मुद्दाम त्याच्या मागून चालतो. लोक त्याला हात जोडतात तेव्हा त्यांचे चेहरे मला बघायचे असतात.

गेल्या मेमध्ये त्याच्या धर्मगुरूच्या दीक्षाविधीला तू नव्हतास असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. बिशपसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले तेव्हा सगळा मांडव गप्प होता. जनरेटर मी नेहमी लांब ठेवतो. त्याच्याही पलीकडे कुणीतरी खोकलं. आपले बाबा खोकायचे तसं, मध्ये थांबून. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तू निघून गेला असतास.

आता मुद्द्याचं. आपल्या फादरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पवित्र गुरुवारी येशूसारखं बारा जणांपुढे गुडघे टेकून पाय धुणं त्यांना जमणार नाही. म्हणून त्या दिवशीची मिस्सा अर्पायला त्यांनी नोहाला बोलावलंय. आपलं पोरगं, आपल्या गावात, आपल्या वेदीवर. हे लिहिताना छाती इतकी फुगली आहे की शर्टाचं बटण सांभाळावं लागतंय.

तू चर्च सोडल्यापासून इथं एक नवीच रीत पडलीये. पाय धुवून घ्यायला बसणारे बाराही जण दुपारपासून घरी पाय धूत बसतात. टाचा दगडाने घासतात, खोबरेल चोपडतात. एकाने तर पावडर लावली होती. फादर पाणी ओततात ते घमेल्यात जसंच्या तसं नितळ उतरतं. मीही त्यातलाच. चर्चला साऊंड दिल्यापासून बारावी खुर्ची माझी. ती मला आवडते, खोटं कशाला बोलू?

ही रीत का पडली, ते तुला सांगायला नको. त्या वर्षी तुमची टोळी गुरुवारीच परतली. तू ट्रकमधून उतरून थेट खुर्चीवर येऊन बसलास. पायाच्या भेगांत उसाच्या जळक्या पाचटाची काजळी होती. पाणी काळं झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "फादर, पाणी बदला, डबकं झालं." चारदोन लोक हसले. तू घमेल्यातून पाय काढलास, चपला हातात घेतल्यास आणि चालू लागलास. दारापर्यंत तुझी ओली पावलं उमटली होती. तो आवाज कुणाचा, हे मला तेव्हाच कळलं होतं. तो माणूस आता मातीआड गेलाय. दरवर्षी त्याच्या आत्म्यासाठी मी एक मिस्सा सांगतो, आणि सांगताना दरवर्षी दात-ओठ खातो. अजून तेवढंच जमलंय.

गेल्या रविवारी नोहा आला होता. प्रवचनाच्या शेवटी म्हणाला, "या वर्षी बारांपैकी कुणीही पाय धुऊन यायचं नाही. धुतलेले पाय धुवायला मी इतक्या लांबून येत नाही."

बायकांत कुजबुज उठली. मागून एक गुरुजी म्हणाले, मग काय शेणातून यायचं का? नोहा माईकवरच म्हणाला, शेणात काम असेल तर शेणातून या. जास्मिनने पदर तोंडाला लावला. मी मिक्सरपाशी होतो. दादा, पोराचा आवाज एकदाही हलला नाही. नंतर जास्मिन मला म्हणाली, तुमच्यावरच गेलंय, माईक हातात आला की कुणाचं ऐकत नाही.

संध्याकाळी जेवताना मी त्याला म्हणालो, बाबा रे, तुझ्या हातून पाय धुवून घ्यायचे म्हणून मी नवी विजार शिवलीये, आता ती चिखलात घालू का? तो हसला नाही.

"पप्पा, बारावी खुर्ची सायमनकाकांची आहे. ते आले नाहीत तर ती मोकळी राहील."

"मग मी कुठं बसू?"

"तुम्ही बसायचं नाही. माझ्याजवळ झारी धरून उभं राहायचं. मी पाय धुईन, पाणी तुम्ही ओतायचं."

मला राग आला होता, हेही लिहितो. ज्या पोराला मी खांद्यावर घेऊन यात्रेला नेलं, ते मला खुर्चीवरून उठवतंय. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही.

मग काल बिभीषण दुकानात आला. त्याने तुमच्या टोळीतल्या बन्सीचं सांगितलं. कोयता पायावर बसला, जखम चिघळली, वासाने त्याच्या पाचटाच्या कोपीत कुणी शिरेना. आणि तू रोज फडावरून आलास की आधी पाणी तापवून त्याचा पाय धूत होतास, पट्टी बांधत होतास, मग जपमाळ घेऊन बसत होतास. "तुमचा दादा लई वायला मानूस हाय," बिभीषण म्हणाला. "बन्सी लाजून पाय वढून घ्यायचा, तर ह्यो म्हनायचा, गप बस, येशूपुढं पाय वढून घ्यायला तू काय पेत्र हायेस का?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. मी त्या सगळ्यांना सांगितलं, हा माझा थोरला भाऊ. नोहाच्या दीक्षेच्या दिवशीही मी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो.

रात्री पडल्या-पडल्या एक गोष्ट आठवली. मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो, हे मी सगळ्या तालुक्याला सांगत फिरतो. पण आपल्या घरात चपलांचा एकच जोड होता. तो घालून मी शाळेत जायचो आणि तू अनवाणी ढेकळांतून. तुझ्या भेगा उसाने पाडल्या नाहीत, दादा. त्या त्याच्या आधीपासूनच्या आहेत.

तर ऐक. तुमच्या कारखान्याचा पट्टा पुढच्या आठवड्यात पडेल, गाळप संपेल असं बिभीषण म्हणतो. म्हणजे गुरुवारच्या आत तुम्ही पोचता. घरी जाऊ नकोस, बंबात पाणी तापवू नकोस. आहेस तसा ये. पापनिवेदन पुतण्यापुढे करायला अवघड वाटत असेल, तर नोहा म्हणालाय, बुधवारी नगरहून दुसरे फादर येणार आहेत. मग त्याच मिस्सेत ख्रिस्तशरीर घे.

त्या दिवशी ग्लोरियाच्या गीतानंतर चर्चच्या घंटा मुक्या होतात, ते तुला आठवत असेल. या वर्षी पाय धुताना मी माझं साऊंडही बंद ठेवणार आहे. माईक नाही, भजनी मंडळ नाही. पाणी तुझ्या पायावर पडतानाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. मागून कुणी काही बोललंच, तर माझे कान तिकडे आहेत. पण कुणी बोलणार नाही. पाणी काळं झालं तर मी दुसरं ओतीन. तेही काळं झालं, तर आणखी.

झारी घेऊन उभा,
तुझा धाकटा
एलिया