खिडकीला बांधलेली झोळी

१६ जानेवारी, गुरुवार

आई आली! एक गाठोडं, एक छत्री (जानेवारीत!) आणि दोन दुखरे गुडघे. कांदालागवडीच्या टोळीतून यंदा सुटली एकदाची. माझ्या जन्माआधीपासून दरवर्षी सटाण्याकडून खाली यायचं आणि दुसऱ्यांच्या वावरात वाकायचं — बास झालं. नवी गादी आणलीय, टीव्हीचा रिचार्ज मारलाय. सायखेड्यातली ही खोली लहान आहे, पण मायलेकींना पुष्कळ. मला इतका आनंद झालाय की भाजीत दोनदा मीठ टाकलं.

१७ जानेवारी

आई टीव्ही बघत नाही. भिंत बघते. "माले आठे करमस नही." एकाच दिवसात!

२० जानेवारी, सोमवार

वर्गात नवी मुलगी. चौथीत — म्हणजे कागदावर. आईबाप कांदालागवडीला आलेत, कडेवर धाकटा भाऊ. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. आमचे मुख्याध्यापक वाल्मीक सर म्हणाले, "मॅडम, हिला ऐकू येत नाही वाटतं."

मी म्हटलं, "तुनं नाव काय शे व माय?"

डोळे हे एवढे झाले! "बाई, तुमले आम्हनी भाषा येस?"

येस म्हणजे काय! मी याच बोलीत रडायला शिकले. मग तेजल जी सुरू झाली — शाळा सुटेपर्यंत बंद नाही. भाऊ रुद्र मात्र भोकाड पसरून बसला. शेवटी माझी ओढणी खिडकीच्या गजांना बांधून झोळी केली. झोपला गुलाम.

"मॅडम, शाळा आहे का पाळणाघर?"

"दोन्ही, सर!"

सर हसले नाहीत. पण मधल्या सुट्टीत झोका देताना मी त्यांना पाहिलंय.

२३ जानेवारी

आमची युक्ती चालली. तेजल तिच्या बोलीत गोष्ट सांगते, मी फळ्यावर लिहिते, मग तीच गोष्ट दोघी मिळून पुस्तकातल्या मराठीत करतो. आज तिने अख्खं पान वाचलं, मध्ये न थांबता. मी टाळ्या वाजवल्या आणि रुद्र जागा झाला. जागा झाला तो खडू खाऊन मोकळा.

संध्याकाळी आईचे पाय चिखलाने भरलेले. "कुठे गेली होतीस?" म्हणे, फिराले. फिरायला माणूस बांधावर जातं का? तेजलच्या टोळीत जाऊन बसली होती. दूरची ओळखही काढून आली!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. सरपंचांनी माईकवरून माझ्याबद्दल सांगितलं — मजुरांची लेक, टोळीमागे फिरत वाढली आणि निव्वळ स्वतःच्या जिद्दीवर बाई झाली. मग मलाही बोलायला लावलं. मीही ठोकून दिलं, "कुणाचा आधार नव्हता, पण हरले नाही!" टाळ्या काय पडल्या! आई पुढेच बसली होती. जिलबी खात होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "चांगलं बोलस तू."

२९ जानेवारी, बुधवार

टोळी रविवारी चांदवडकडे निघतेय, कांदे काढायला. म्हणजे तेजलही गेली. मागच्या वर्षी तिच्या तीन शाळा झाल्या आणि एकीतही वाचता आलं नाही. आता कुठे गाडी रुळावर आली होती!

शाळा सुटल्यावर तडक वावरात गेले. तिच्या आईला, पिंकीला म्हटलं, परीक्षेपर्यंत पोर माझ्या खोलीवर ठेव. पिंकीने वाफ्यातून मान वर केली. तिलाही शिकवायचंय हो. पण म्हणाली, "पोर ठेवसू बाई. पोऱ्याले कोण सांभाळी?"

रुद्र अजून अंगावर पितो, म्हणजे तो आईबरोबर जाणारच. आई कामात, बाप कामात, मग झाडाखाली त्याच्याजवळ तेजलच.

३१ जानेवारी

तेजलने ओढणीची घडी करून परत दिली. मला रडू आलं. आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. राग आला मला तिचा.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फाट्यावर पिकअप उभी. तेजलला निरोप द्यायला गेले, तर पुढच्या सीटवर आई! मांडीवर रुद्र, पायाशी गाठोडं आणि छत्री.

"पोऱ्याले मी सांभाळसू. झाडखाले बसाले गुडघा नही लागतस."

मी भांडले. मोठ्याने, सगळ्यांदेखत. गादी आणली, खोली लावली, कशासाठी? आता हे करायचं तुझं वय आहे का?

"कलाबाई मनापेक्षा म्हतारी व्हती."

"कोण कलाबाई?"

"तुना भाऊ धाकला व्हता तवय तीच बठे त्याले लिसन. म्हनीसन तू शाळामा ऱ्हायनी."

टोळीतल्या त्या म्हातारीमुळे मी शाळेत राहिले? पुढे विचारायच्या आत ड्रायव्हरने गाडी काढली. मी ओढणी काढून खिडकीतून आत टाकली, झोळीला.

आईच्या गादीवर तेजल बसलीय, मोठ्याने वाचतेय. मी कलाबाईचा चेहरा आठवून बघतेय. काही केल्या आठवत नाही.