तुटक रेषेविषयी

उपनगर, नाशिक
दि. २३ नोव्हेंबर २००८

आदरणीय धोंडीरामभाऊ व लताबाई यांस भिकाजीचा मनःपूर्वक जयभीम.

आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत असे लिहिण्याचा विचार होता; परंतु अलीकडे मी तपासल्याशिवाय काही लिहीत नाही, म्हणून सध्या एवढेच लिहितो की आम्ही येथे आहोत. आपल्या बहिणीची, म्हणजे मालनची, प्रकृती उत्तम आहे. माझा रक्तदाब वाढला आहे. (डॉक्टरांनी कारण विचारले. ते मला ठाऊक आहे, पण त्यांना सांगण्यासारखे नाही.) आपला उजवा गुडघा कसा आहे? उन्हाळी कांद्याचे रोप टाकून झाले असेल. लताबाईंनी दिलेला कुरडयांचा डबा परत द्यायचा राहिला आहे, तो लक्षात आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही उभयता आमच्या मुलीकडे, प्रतिभाकडे, इंग्लंडला जाऊन आलो. परतल्यावर आपण फोनवर विचारलेत, "कशी झाली सहल?" आणि मी म्हणालो, "छान झाली." हे उत्तर अपुरे होते. फोनवर मालन शेजारीच उभी असते आणि विषय थोडा तांत्रिक आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आपण कृपया ओट्यावर शांत बसून वाचावे.

आमचे जावई स्वराजराव यांच्या मोटारीत पुढच्या काचेला साबणाच्या वडीएवढे एक यंत्र चिकटवलेले असते. त्यास जीपीएस म्हणतात. कुठे जायचे ते त्यात लिहिले, की आतली एक बाई अतिशय मार्दवाने वाट सांगू लागते. हे यंत्र नीट समजून घेण्यासारखे आहे. आकाशात उपग्रह फिरत असतात. त्यांपैकी निदान चारांचे संदेश मिळाले, की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे यंत्रास दहा-पंधरा पावलांच्या फरकाने कळते. मी आयुष्यभर साखळी ओढून आणि दुर्बिणीतून झेंडे बघून जे काम केले, ते ही वडी बसल्या जागी करते. पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले होते. परंतु भाऊ, येथे एक भेद आहे आणि माझ्या साऱ्या भीतीचे मूळ त्यातच आहे. आपण कुठे आहोत, हे उपग्रह सांगतात. तिथे रस्ता आहे की नाही, हे उपग्रह सांगत नाहीत. ते कोणीतरी माणसाने कधीतरी काढलेल्या नकाशावरून यंत्र वाचते. आकाश अचूक आहे. प्रश्न माणसाचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न येत नाही, कारण आपण नकाशा बघतच नाही, विचारतो. ओझर सोडले की एकदा, चांदवडला चहा घेताना एकदा, आणि पुढे दर फाट्यावर एकदा. शिवाय एकाला विचारून आपण निघत नाही. तिघांना विचारतो आणि दोघांचे जुळले तर जातो. (कारण आपल्याकडे वाट विचारल्यावर "माहीत नाही" म्हणणे हा पाहुण्याचा अपमान समजतात. ठाऊक नसले तरी माणूस हात वर करून कुठली तरी दिशा दाखवतोच. हे वाक्य आपणांस उद्देशून नाही. निदान या जागी नाही.) तिकडे, स्कॉटलंडच्या डोंगरांत, जिथे स्वराजराव आम्हांला मोटारीने फिरवायला घेऊन गेले, मैलोन् मैल विचारायला माणूस नाही. मेंढ्या आहेत. सबंध वाट त्या बाईच्या भरवशावर, आणि तिचा दोषही हुबेहूब आपल्यासारखाच, म्हणजे ती कधीही "माहीत नाही" म्हणत नाही.

मालनचा तिच्यावर फार जीव बसला. स्वराजरावांचे एखादे वळण चुकले तरी ती न चिडता नवी वाट सांगे, तेव्हा मालन म्हणे, "बघा, किती शांतपणे सांगते. तुम्ही असता तर माझा उद्धार केला असता." तिसऱ्या दिवशी तर बाईने पुष्कळ वेळ काही सांगितले नाही म्हणून मालनने प्रतिभाला विचारले, "तिनं काही खाल्लंय का सकाळपासून?" (हे ती थट्टेने म्हणाली, असे ती आता सांगते.)

चौथ्या दिवशी दुपारी धुके पडले. म्हणजे आपल्याकडे पहाटे द्राक्षबागांवर पडते तसे नव्हे. हात बाहेर काढला तर अंगठी दिसू नये, असे. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना दगडी बांध. मागे मालन आणि प्रतिभा, मध्ये आमची नात पायल आपल्या छोट्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेली आणि झोपलेली, आणि पुढे स्वराजरावांच्या शेजारी मी, डोळे यंत्राच्या पडद्यावर. बाई म्हणाली, सरळ जा. स्वराजरावांनी वेग कमी केला. समोरचा रस्ता उताराचा होता आणि पडद्यावर पुढची रेषा अखंड नव्हती, तुटक होती. त्यांनी मला विचारले, "बाबा, ही तुटक रेषा कसली?"

सर्वेक्षण खात्यातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या आदराने तांत्रिक प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सांगितले, आमच्या नकाशांत तुटक रेषा म्हणजे कच्चा गाडीरस्ता. पावसाळ्यात जपून, एरवी वाहतुकीस योग्य. घ्या सावकाश. मी हेही सांगितले, की जगभर नकाशांच्या खुणा साधारण सारख्याच असतात. (हे मी तपासलेले नव्हते.)

गाडी उतरू लागली. पन्नासेक पावले गेलो असू. चाकांखाली खडीचा आवाज यायचा बंद झाला आणि काहीतरी मऊ, शेवाळासारखे लागले. तेव्हा मागून मालन अगदी हळू म्हणाली, "अहो, हा रस्ता हलतोय."

तो रस्ता नव्हता, भाऊ. पाणी होते. लांबच लांब सरोवर होते आणि आम्ही त्याच्या धक्क्यावरून खाली निघालो होतो. स्वराजरावांनी ब्रेक दाबला. चाके थांबली, गाडी थांबली नाही. ती शेवाळावरून अशी शांतपणे घसरत राहिली, जणू तिचे काही ठरलेले काम होते. पाणी पुढच्या दिव्यांना लागले. मी मागे वळून पायलकडे पाहिले. तिच्या हातातले बिस्किट अर्धे खाल्लेले होते आणि ती झोपेत तोंड हलवत होती. मला त्या क्षणी आजवर काढलेला एकही नकाशा आठवला नाही; फक्त तिचा पट्टा कुठून उघडतो हे आठवेना, आणि ते आठवत नाही याची जी भीती वाटली, ती अजून गेलेली नाही. मग एका चाकाला लोखंडी कडी लागली आणि गाडी थांबली. बाई म्हणाली, सरळ जा.

वर ओढून काढायला तासाभराने एक म्हातारे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी स्वराजरावांना सांगितले, की येथून पूर्वी मोटारी पलीकडे नेणारी नाव सुटत असे. वरच्या अंगाला पूल झाला आणि पाच वर्षांपूर्वी नाव बंद पडली. तिकडच्या नकाशात तुटक रेषा म्हणजे नावेचा मार्ग. नाव गेली, रेषा राहिली. त्या वर्षात त्यांनी ओढून काढलेली ही चौथी मोटार होती. दोर सोडवता सोडवता ते काहीतरी पुटपुटले, ते मी प्रतिभाकडून मुद्दाम समजून घेतले. ते म्हणाले होते, "ज्याने ही रेषा ठेवली, तो माणूस इथे कधी आलेलाच नसणार."

तेव्हापासून मला झोप नाही. मालनला वाटते, पाण्याची भीती बसली. तसे नाही. म्हाताऱ्याच्या त्या वाक्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली, परंतु ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. एवढेच म्हणतो, की नकाशावर विसंबू नये, आणि येथेच थांबतो. लताबाईंना व घरातील सर्वांना जयभीम.

आपला,
भिकाजी

ता. क. १ : ती गोष्ट लिहावीच लागणार, कारण दिवस थोडे उरले आहेत. १९७४ च्या मार्चमध्ये मी नकाशाच्या फेरतपासणीसाठी देवळ्याकडे आलो होतो. चांदवडकडच्या हमरस्त्यावरून डोंगराच्या कडेने आपल्या मळ्यापर्यंत एक गाडीरस्ता येतो असे सांगण्यात आले होते आणि तो प्रत्यक्ष चालून नोंदवायचा होता. ऊन भयंकर होते. आपण चिंचेखाली बसला होतात. मी विचारले, "हा रस्ता थेट हमरस्त्याला मिळतो का?" आपण हात वर करून म्हणालात, "मिळतो की. लय सरळ रस्ता हाय." मग मी त्याच चिंचेखाली आडवा झालो, चार वाजता उठलो, बुटांना धूळ चोळली आणि अडीच मैलांचा रस्ता तुटक रेषेने काढून दिला. त्यात मध्यावर एक हलकासा बाक दिला, कारण अगदी सरळ रस्ता कागदावर खोटा वाटतो. संध्याकाळी आपले वडील गोटीरामबाबा माझे बूट बघून म्हणाले, "पोरगं उन्हात पाच मैल तुडवून आलंय," आणि त्याच आठवड्यात मालनच्या लग्नाची बोलणी झाली. लग्नानंतर आपण मला तिकडे ससे दाखवायला नेलेत, तेव्हा कळले की तो रस्ता हमरस्त्यावरून निघतो खरा, पण बाकाच्या पुढे जुन्या खदानीच्या कड्यावर संपतो. खाली तीस फूट पाणी. दुरुस्ती कळवायची, तर मी गेलो नव्हतो हे लेखी द्यावे लागले असते. मी दिले नाही.

आता प्रतिभा, स्वराजराव आणि पायल २१ डिसेंबरला मुंबईहून भाड्याच्या मोटारीने परस्पर आपल्याकडे येणार आहेत. सोबत तेच यंत्र, आत भारताचा नवा नकाशा. स्वराजरावांनी उत्साहाने त्यातली वाट कागदावर काढून पाठवली आहे. चांदवडनंतर बाई त्यांना हमरस्ता सोडायला सांगते. त्या वाटेने नऊ किलोमीटर वाचतात. भाऊ, मी भिंग लावून पाहिले. मध्यावर माझाच बाक आहे. कोणीतरी जुने नकाशे संगणकावर चढवले असावेत आणि तसे करताना तुटक रेषा अखंड करून टाकली. मी स्वराजरावांना फोनवर म्हणालो, त्या रस्त्याने येऊ नका. ते हसून म्हणाले, "बाबा, तुटक रेषेचं तुम्ही तिथेही सांगितलं होतं."

तरी विनंती अशी, की आपण हमरस्त्यावरच्या त्या फाट्यावर बाभळीचे काटे टाकून वाट पूर्ण बंद करावी आणि त्या दिवशी सकाळी आठपासून तेथे स्वतः उभे राहावे. मी आदल्या दिवशी येतोच. खदान भरून काढून प्रत्यक्ष रस्ता करून घेणे शक्य असल्यास तेही पाहावे. चौकशी केल्यावर असे वाटते, की नकाशा दुरुस्त करून घेण्यापेक्षा ते सोपे पडेल.

ता. क. २ : यातले एक अक्षरही मालनला कळू नये. तो पाच मैलांचा किस्सा ती चौतीस वर्षे आल्यागेल्याला सांगते आहे.

भाऊ, मी मालन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. त्या दिवशी चिंचा वेचायला मीही तिथे आले होते. हे टोपी तोंडावर घेऊन घोरत होते, आणि तू शेजारी बसून ह्यांच्या डब्यातले लाडू खात होतास. बुटाला धूळ चोळताना पण मी पाहिलं. म्हटलं, पकडले जायची एवढी भीती असलेला माणूस बरा, बायकोशी जपून राहील. बाबांना बोलले नाही, ह्यांनाही बोलले नाही, तूही बोलू नको. पण वाट आजच बंद कर. आणि काटे टाकले का ते फाट्यापर्यंत स्वतः चालत जाऊन बघ, गुडघा दुखला तरी. कोणाला विचारू नको. विचारलंस तर सगळे म्हणतील, टाकले की.