डावीकडचा मागचा खांब

बाबा, गेल्या महिन्यात माजिवड्याच्या आपल्या शेडमध्ये एक जुनी गाडी आली. बाहेरून पत्रा आणि आत सगळा सागवानी सांगाडा. मागचं डावं दार लोंबतंय, असं मालक म्हणाले. पत्रा उचकटला तर दाराचा खांब तळाशी पार कुजलेला. पटाशी टेकवली आणि मूठभर भुसा हातात आला. कुणीतरी भोकांत लांबीचा लगदा भरून, वर पत्र्याची पट्टी ठोकून ते झाकलं होतं. कसली माणसं कामं करतात, म्हणून मी एकटीच चिडून बोलले. मग आडव्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, ‘डावा मागचा’, आणि खाली महिना, साल. अक्षर तुमचं होतं.

मी शेड सोडली तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पाच वर्षं तुमच्या हाताखाली काम केलेलं. गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून एका गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याच्या लाकडात मी अशीच लांबी भरली होती. तुम्ही त्या गिऱ्हाइकासमोर त्या लांबीत पटाशी घातलीत. “अगं, आत कुजलेलं ठेवून वर रंग मारायचा असेल, तर घरी बस.” मी ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि चालत वर्तकनगरचं घर गाठलं. पुढच्याच आठवड्यात एका ऑफिसात नोकरी धरली. रात्री आपण तिघं जेवायला बसतोय, आणि आई मला म्हणतेय, “त्यांना विचार, भात हवाय का.” मी विचारत नाही. तुम्ही ताट घेऊन उठता. परत ये, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आणि तुम्ही गेल्यावरच मी पुन्हा त्या शेडचं कुलूप उघडलं. लाकडावरचा महिना मी निघून गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यातला आहे.

जुन्या खांबावरून साचा काढला, नवं सागवान कापलं, रंधा मारला. सांधा छान जमला. पण खांब उभा धरायला एक माणूस लागतो आणि स्क्रू पिळायला दुसरा. मी खांद्यानं रेटून धरलं, तर स्क्रू हातातून पडला. वाकले, तर खांब सरकला. तिसऱ्या वेळी तो थेट पायावर आला आणि मी तिथेच फरशीवर बसले. त्या पावसाळ्यात तुम्ही साठीचे होतात, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. किती वेळा प्रयत्न केला असेल तुम्ही, कोण जाणे. शेवटी लांबीचा डबा उघडताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला त्या फरशीवर बसून कळलं.

मग छताच्या वाशाला दोर बांधला, खांब टांगला, दोन शिकंजे आवळून जागी धरला. अख्खी दुपार गेली, पण बसला. दार आता एका बोटानं लागतं.

काल मालक गाडी न्यायला आले. काढलेला खांब बघून म्हणाले, “हा उद्योग कोणी केला होता हो?” मी म्हटलं, “माहीत नाही.”

तुमची अब्रू राखली, असं घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही, बाबा. तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही तिथे एकटे का होतात तेही सांगावं लागलं असतं.