सहा पायऱ्या

बाळ मातियास,

तुम्ही परत गेल्यावर एका सकाळी मी कोंबड्यांना कोंडा टाकला, चूल पेटवली आणि तू बांधून दिलेला जिना पुसायला घेतला, तर पायऱ्यांवर ओली पावलं उमटली होती. सगळी वर चढणारी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. माझ्या नवऱ्याची करंगळी जाळ्याच्या दोरीत तुटली होती. त्याला आमच्या या तोनले साप नावाच्या तलावाने नेलं, त्याला आता दोन वर्षं झाली.

गावात बांधकामाला आलेली तुमची संस्था परत गेली त्याच दिवशी शेजारची यीम हसली होती. "सहा पायऱ्या? ताई, गोऱ्या पोराने भुतांची सोय केली बघ." आम्ही पायऱ्या विषम ठेवतो; सम असल्या तर मेलेली माणसं चढून येतात. मी म्हटलं, "राहू दे गं. पोराचे तळहात सोलून निघालेत."

पावलांचं मी यीमला सांगितलं नाही. रोज पुसत राहिले आणि संध्याकाळी नवऱ्याची चटई अंथरू लागले. मला बरं वाटत होतं.

मग एकदा वेणी घालून घेताना नात म्हणाली, "आजी, आजोबा म्हणतात होडीत एक जागा आहे."

"तू काय म्हणालीस?"

"आजीला विचारून येते म्हटलं."

हे पत्र तुला पाठवणार नाही. जिना तू चांगलाच बांधला होतास.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खालची पायरी उखडली, चुलीत घातली आणि तिच्यावर नातीचा भात शिजवला.

तुझी आजी,
सोखोम