विहिरीजवळच्या वावराचं गहाणखत

आई, तुला जाऊन आता सतरा वर्षं झाली. बोरगाव मेघेतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी वकिलीचं काम करते. आज दुपारी तिथे एक तरुण जोडपं आलं होतं, घरासाठी कर्ज काढायचं म्हणून. "गहाण ठेवलं म्हणजे घर बँकेचं झालं का?" त्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, नाही, घर तुमचंच राहतं. बँकेचा त्यावर पैसे वसूल करण्यापुरता हक्क. पैसे फिटले की घर मोकळं, आणि ते सोडवून घेण्याचा हक्क तुमच्याकडून कुणी लिहूनसुद्धा घेऊ शकत नाही. ते दोघं गेल्यावर तुला लिहायला बसले.

केळझरचं ते विहिरीजवळचं दोन एकर वावर. शेजारच्या काकांनी मुलीच्या लग्नासाठी ते बाबांकडे ताब्यासकट गहाण ठेवलं होतं. पैसे आपले, वावर आपण वाहायचं, पिकेल ते व्याजापोटी आपलं. बावीस वर्षं आपण तिथे वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवली. मी तर ते आपलंच समजत वाढले. काका वारले आणि वर्षभरानं त्यांची तीच मुलगी आपल्या दारात आली. जाम गावाला हायवेवर तिचं आलुबोंड्याचं दुकान होतं. तू तिला स्वयंपाकघरात बसवलंस, चहा दिलास. तिनं रुमालात बांधलेले पैसे तुझ्यापुढे ठेवले.

"काकू, बाबाचं वावर सोडवाले आली."

बाबा दारातच उभे होते. "इतके वर्षं कोनी आलं नाई. आता काऊन?" मग ते माझ्याकडे वळले. "तू वकिली शिकून राह्यली ना? सांग तिले."

मी खाली बघत म्हटलं, "मुदत निघून गेली."

ती रुमाल उचलू लागली. तू उठून पेटीतलं गहाणखत आणलंस. तुला वाचता येत नव्हतं. ते माझ्या हातात देऊन म्हणालीस, "वाच. मोठ्यानं." मी वाचलं. रक्कम परत मिळताच ताबा परत देऊ, एवढंच होतं.

"मुदत कुठी लिहून हाये?"

"नाई लिहिलेली."

"मंग वावर तिचं हाये," तू बाबांना म्हणालीस. आणि तिला, "उभी वांगी तेवढी निघू दे बाई, मंग येजो. पोरगी अजून शिकून राह्यली. तिले ठाऊक नव्हतं."

बाबा कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलले नाहीत. उन्हाळ्यात ताबा सोडला. विहीर गेली, तसा आपला भाजीपालाही गेला. पुढची दोन वर्षं तू लोकांच्या वावरात तण निंदायला जायचीस आणि त्यातून माझी फी भरायचीस.

त्या दिवसाबद्दल तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस. मी नकळत चुकले, असंच तू धरून चालली असशील. आई, मी चुकले नव्हते. सोडवायला कायद्यानं तीस वर्षं होती, हे मला माहीत होतं. महिन्याभरापूर्वीच परीक्षेत मी ते लिहून आले होते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून आज लिहिता तरी आलं. तुझ्या आजारपणात मी रोज तुझ्या उशाशी बसायचे. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं. तू विचारायचीस, "काय झालं?" मी म्हणायचे, काही नाही.