चार तुकडे, दोन बोटं

बाबा,

काल दुपारी ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टरांनी तुमच्या मुलाच्या यकृताचे चार तुकडे लॅबमध्ये तपासायला नेण्यासाठी बरण्यांत घालून माझ्या हातात दिले, म्हणून लिहिते आहे. त्याच्या आतड्याचा कॅन्सर गेल्या वर्षी काढला होता. तो यकृतात पसरला. सहीच्या वेळी मी डॉक्टरांना म्हटलं, "अर्धं यकृत काढून टाका. मागे काही ठेवू नका." ते म्हणाले, "बाई, गाठी दोन्ही बाजूंना आहेत. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा चांगला भाग, एवढंच काढतो. पुन्हा उगवली तर पुन्हा कापायला यकृत शिल्लक हवं." मी टेबलावर हात आपटला, अगदी तुम्ही आपटायचात तसा. मग सही केली.

महागावच्या शेतात कापूस वेचताना त्याच्या करंगळीला साप चावला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी तेरा. तुम्ही त्याला फरफटत बांधावर नेता, हात बाभळीच्या ओंडक्यावर दाबता आणि माझ्यावर ओरडता, "धर मनगट! हालला तं तुलेबी तोडीन!" मी धरते. एका घावात करंगळी जाते, रक्त माझ्या तोंडावर उडतं. तुम्ही पुन्हा कुऱ्हाड उचलता. शेजारच्या बोटाला साप शिवलेलाही नाही. "जहर चढलं असन," म्हणता आणि तेही तोडता. आई मध्ये पडली, तर तिला दांड्यानं लोळवलंत. मग दोन्ही बोटं दुपट्ट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "गाडून ये."

काल आत नेताना तो स्ट्रेचरवरून हसला. "ताई, डॉक्टरले सांगजो, बाकीचं राहू द्या म्हना. आपल्या घरी जास्तीचं कापाची सवय हाय." आता छातीखालून बेंबीपर्यंत टाके आहेत, शुद्धीवर आहे, पाणी मागतो आणि परिचारिकेला शिव्या देतो. उरलेलं यकृत त्याच्या पोटात आहे.

तुम्हाला जिवंतपणी सांगितलं नाही, त्याला अजून सांगितलेलं नाही. तो साप कापसाच्या पऱ्हाटीतून जाताना मी पाहिला होता. धामण होती. धामणीला विष नसतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. मनगट धरलं तेव्हा मला ते ठाऊक होतं. तुमच्या हातात कुऱ्हाड होती, मी तोंड उघडलं नाही.

लॅबच्या वहीत लिहून दिलं: बरण्या चार, प्रत्येकीत एक तुकडा. आणून देणारी, रुग्णाची बहीण.