सगळ्यांची तारीख एक जून

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार

नको ती भेट झाली! बिबवेवाडीच्या बसथांब्यावर एका बाईने वाकून पायाला हात लावला. "भाऊसाहेब, ओळखलंत? मी आनंदी. एकोणऐंशीची दहावी." शाळेत चौतीस वर्षं कारकुनी करून भाऊसाहेब एवढी एकच पदवी मिळवली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी खुशीत विचारलं, मुलं काय करतात? तर तिथेच रडायला लागली.

तिचा श्रीनिवास येरवड्याच्या तुरुंगात आहे. ऑगस्टमध्ये क्रिकेटवरून भांडण झालं, याने स्टंप डोक्यात घातला, समोरचा मुलगा गेला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९८५, म्हणजे अठरा पूर्ण. अठराच्या आत असता तर मुलांच्या कोर्टात जाऊन फार तर तीन वर्षं. आता जन्मठेपेची भीती. "तारखा तुम्हीच लिहायचात ना, भाऊसाहेब?" एवढंच म्हणाली.

१३ फेब्रुवारी

 हो, मीच लिहायचो! वय चार-सहा महिन्यांनी कमी भरलं की सरळ १ जून. मूल पहिलीत बसायचं, तुकडीचा पट भरायचा, हेडमास्तर खूश. अर्धी शाळा एक जूनला जन्मलेली! आम्ही चहा पिताना हसायचो त्यावर.

श्रीनिवासचा प्रवेश काही आठवत नाही. पण आज शाळेत जाऊन रजिस्टर पाहिलं — अक्षर माझं, तारीख माझी नेहमीची. आणखी काय हवं? माझ्या पेनाने पोर तुरुंगात गेलं. काय करू मी? कुणाच्या पाया पडू?

१५ फेब्रुवारी

मंदाकिनीला सांगितलं. म्हणाली, "त्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली जन्मभर जानव्याला बांधून फिरलात. आता सांगा कोर्टाला, आत सगळ्या थापा होत्या म्हणून." थोड्या वेळाने, "जा. नाही गेलात तर घरात बसून मलाच छळाल."

२० फेब्रुवारी

आनंदीच्या वकिलाला भेटलो. साक्ष द्यायची ठरली.

३ मार्च, बुधवार

शिवाजीनगर कोर्ट. आधी आनंदी. "दिवाळीनंतरचा तो," म्हणाली. मान खाली. मग मी. "ही तारीख मी मनाने लिहिली." सरकारी वकिलाने विचारलं, "अशा किती मुलांच्या लिहिल्यात?" म्हटलं, मोजल्या नाहीत. छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, संपलं एकदाचं!

कुठलं संपतंय! जिन्यापाशी एकाने वाट अडवली. "भाऊसाहेब, मी दीनानाथ. सत्त्याहत्तरची दहावी." गेलेल्या मुलाचा बाप! आनंदीने त्यांचं नाव सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. "माझ्या पोराचं नावही तुम्हीच घातलंत शाळेत. एक जून. आम्ही तारीख टिपून ठेवली नव्हती, घरात फोटोखाली तुमचीच लिहिली आहे. ती ठेवू की पुसू?"

 तो जिना उतरून गेला आणि मी कठडा धरून उभा राहिलो.

५ मार्च

त्याच्या मुलाची तारीख खरी की माझी? आठवत नाही. एकाही पोराची आठवत नाही!

११ मार्च

निकाल. श्रीनिवास अठराच्या आतला ठरला. न्यायाधीश म्हणे म्हणाले, या साक्षीदाराला खोटं बोलायचं काही कारण दिसत नाही. आनंदी पेढे घेऊन आली, दारातूनच देऊन गेली. पुडा उघडलाच नाही. तरी एक पोर वाचवलं, असं मनाला बजावतो आहे.

२२ मार्च, सोमवार

मंडईत नसीम भेटली. आनंदीच्या वर्गातली, तिची माहेरची शेजारीण, आता दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. "आनंदीचा मुलगा वाचला म्हणे, भाऊसाहेब! माझ्या हातावर जन्मलाय तो. पंच्याऐंशीची एक जून. माझ्या नोकरीचा पहिला दिवस! कामावर निघाले तर तिच्या आईने दारातूनच ओढून नेलं. पहिल्याच दिवशी उशीर, काय बोलणी खाल्ली मी!" हसत होती. कोर्टात काय झालं ते तिला ठाऊक नाही.

भाजी न घेताच परत आलो. आनंदी जाणूनबुजून खोटं बोलली, आई होती. मी खरं समजून बोललो. दीनानाथचं घर इथून दोन थांब्यांवर आहे. अजून गेलो नाही.